पेमेंट डिस्प्यूटमुळे गेम लायब्ररी लॉक झाली, उघडली आणि परत लॉक झाली: कुठे चुकलं आणि शेवटी कशाने सुटलं

माझं ऑनलाइन गेम स्टोअरचं अकाउंट दोनदा लॉक होऊन शेवटी मार्चमध्ये उघडलं आणि तेव्हापासून ओळखीतल्या तिघांनी मला हेच विचारलंय, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतो. प्रकार असा की गेम घेताना पेमेंट अडकतं, आपण बँकेकडे तक्रार करतो, पैसे परत येतात, बरं वाटतं, आणि काही दिवसांनी स्टोअर अख्खं अकाउंट बंद करतं. भांडण एका गेमचं असतं पण आत आठ-आठ वर्षांची लायब्ररी अडकते. आणि त्याहून वाईट म्हणजे स्टोअरने मागितलेले पैसे भरून अकाउंट उघडून घेतलं तरी महिना-दीड महिन्याने ते परत लॉक होतं. हे पुन्हा पुन्हा का होतं ते मला ना बँकेने सांगितलं ना स्टोअरने, दोघांचे मेल शेजारी शेजारी ठेवून तारखा जुळवल्या तेव्हा कळलं.

ज्यांचं अकाउंट आज, आत्ता बंद झालंय त्यांनी आधी एवढंच करा: काहीही भरू नका, स्टोअरच्या सपोर्टकडे दुसरं तिकीट (तक्रार) उघडू नका, नवीन अकाउंट काढून तोच गेम परत घेऊ नका. आधी शोधून काढा की तो वादातला पैसा या क्षणी कोणाकडे आहे. तुमच्याकडे, बँकेकडे, की स्टोअरकडे. पुढचं सगळं त्यावर ठरतं, आणि मी नेमकं हेच न बघता पैसे भरले.

माझी गोष्ट सांगतो, स्टोअरचं आणि बँकेचं नाव घेत नाही कारण हे कुठेही होऊ शकतं. २०२४ च्या नोव्हेंबरातला सेल, रात्री अकराच्या पुढे, ₹१,६४९ चा गेम. क्रेडिट कार्डने पेमेंट केलं, ओटीपी आलाच नाही (बाहेरच्या देशातून कापलं जाणारं पेमेंट बऱ्याचदा ओटीपीशिवाय जातं), पान फिरत राहिलं आणि शेवटी पेमेंट फेल असं दाखवलं. पण मोबाईलवर पैसे कापल्याचा मेसेज आला. मी पाच मिनिटं थांबून परत पेमेंट केलं, या वेळी गेम मिळाला, आणि पैसे कापल्याचा दुसरा मेसेजही आला. म्हणजे ₹३,२९८ गेले आणि गेम एकच.

आता इथे काय झालं होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. कार्डने पेमेंट करताना दोन टप्पे असतात. आधी बँक रक्कम नुसती अडकवून ठेवते, त्याला होल्ड म्हणतात, आणि मग दुकानदाराने मागणी केली की ती रक्कम खरोखर वळती होते. मेसेज मात्र आपल्याला पहिल्या टप्प्यालाच येतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात होल्ड लागला होता पण स्टोअरने ती रक्कम कधी मागितलीच नव्हती, त्यांच्याकडे तो व्यवहार फेल म्हणूनच नोंदला होता. असा होल्ड काही दिवसांत आपोआप सुटतो. माझाही सहाव्या दिवशी सुटला, मी काहीही न करता.

पण सहा दिवस थांबलो कुठे. "तीन दिवसांत बँकेला कळवा नाहीतर पैसे बुडाले" हे वाक्य डोक्यात इतकं बसलेलं असतं ना. हे वाक्य खोटं नाहीये, रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, त्यात म्हटलंय की तुमच्या परवानगीशिवाय कुणी तिसऱ्यानेच व्यवहार केला आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं तर तुमच्यावर काहीच जबाबदारी येत नाही, चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित येते. पण ते फसवणुकीसाठी आहे. मी स्वतः बटण दाबून केलेल्या पेमेंटचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. हे मला नीट माहीत असतं तर पुढचे साडेतीन महिने वाचले असते.

तर तिसऱ्या दिवशी बँकेचं ॲप उघडलं. एकाच नावाच्या, एकाच रकमेच्या दोन ओळी. एक फिकट रंगात, तिच्यापुढे पेंडिंग लिहिलेलं आणि ती निवडताच येत नव्हती. दुसरी निवडता येत होती. मी म्हटलं दोन्ही सारख्याच तर आहेत, ₹१,६४९ परत आल्याशी मतलब, आणि जी निवडता येत होती तीच निवडली. पुढे कारण विचारलं. यादीत पहिलंच होतं "हा व्यवहार मी केलेला नाही". खाली अजून कारणं होती, स्क्रोल करायला लागणार होतं, मी पहिलंच दाबलं.

या दोन टॅपमध्ये सगळं बिघडलं. पेंडिंग ओळ म्हणजे फेल झालेला व्यवहार, जो तसाही सुटणार होता. निवडता येणारी ओळ म्हणजे खरी खरेदी, जिचा गेम मला मिळाला होता. म्हणजे माझी तक्रार बरोबर चुकीच्या व्यवहाराला जाऊन चिकटली, आणि तीसुद्धा फसवणुकीची म्हणून. बँकेने लगेच कार्ड ब्लॉक केलं, नवीन कार्ड पाठवलं, ₹१,६४९ तात्पुरते जमा केले. तीन दिवसांनी जुना होल्डही सुटला. मला वाटलं सगळं जागेवर आलं. प्रत्यक्षात हिशोब असा होता की गेम माझ्याकडे आणि दोन्ही वेळचे पैसेही माझ्याकडे.

२० डिसेंबरला लॉगिन केलं तर पेमेंटच्या वादामुळे अकाउंट बंद केल्याचा संदेश. गेम सुरू होत नाही, लायब्ररी दिसते पण करड्या रंगात, मित्रांची यादी रिकामी. आठ वर्षांत घेतलेले १४३ गेम. त्यातले निम्मे मी परत उघडलेही नसते हे मान्य, पण काही असे आहेत की ज्यांच्याबरोबर दिवस जोडलेत. बायको आणि मी लॉकडाऊनमध्ये स्टारड्यू व्हॅलीत एकत्र शेती सुरू केली होती, ती अजून चालू आहे, रविवारी दुपारी तासभर. ती शेती आत अडकली याचं मला जास्त लागलं, पैशापेक्षा.

कारण कोणतं निवडलं याने इतका फरक का पडतो ते समजून घ्या. आपण ॲपमध्ये जे कारण निवडतो ते बँक कार्ड कंपनीच्या ठरलेल्या कोडमध्ये बसवते. व्हिसामध्ये ऑनलाइन फसवणुकीचा कोड १०.४ आहे आणि एकाच गोष्टीचे दोनदा पैसे कापल्याचा १२.६. मास्टरकार्डमध्ये हेच ४८३७ आणि ४८३४. दुकानदाराला हा कोडच दिसतो, तुमची कहाणी दिसत नाही. १२.६ किंवा ४८३४ आला तर त्याला वाटतं हिशोबात काहीतरी घोळ आहे, तपासून बघू. १०.४ किंवा ४८३७ आला तर त्याला कळतं की या अकाउंटवर चोरीचं कार्ड वापरलं गेलंय, आणि मग तो फक्त तो गेम काढून घेत नाही, अकाउंटच गोठवतो. कारण त्याच्या नजरेत अकाउंट वापरणारा माणूसच चोर असू शकतो, किंवा अकाउंट हॅक झालेलं असू शकतं. त्याच्या जागी राहून बघितलं तर हे समजण्यासारखं आहे. प्रत्येक स्टोअरचं वागणं थोडं वेगळं असतं, कुठे फक्त खरेदी, गिफ्ट आणि ट्रेडिंग थांबवतात आणि जुने गेम चालू राहतात, कुठे सगळंच बंद. कन्सोलवर जास्त त्रास होतो कारण ऑनलाइन खेळणंही त्याच अकाउंटवर असतं.

सपोर्टला तिकीट टाकलं. उत्तर आलं की वादातली रक्कम भरा किंवा बँकेकडून तक्रार मागे घ्या, दोन्हीपैकी एक. मला भरणं सोपं वाटलं. त्यांनी दिलेल्या मार्गाने यूपीआयने ₹१,६४९ भरले, २ जानेवारीला अकाउंट उघडलं. माझ्या मते विषय संपला.

तो का संपला नव्हता ते आता सांगतो, कारण परत परत लॉक होणाऱ्या जवळजवळ सगळ्यांचं इथेच अडतं. बँकेचं काम स्वतंत्र चालू असतं. मी स्टोअरला पैसे भरले हे बँकेला कुणी कळवलं नव्हतं, मीही नाही. तिकडे स्टोअरने मी पैसे भरण्याच्या आधीच बँकेला उत्तर पाठवून ठेवलेलं होतं, की हा व्यवहार खरा आहे, हाच अकाउंट, हाच कॉम्प्युटर, हाच आयपी पत्ता, याच कार्डवर आधीच्या इतक्या खरेद्या, गेम इतके तास खेळलाय. हे उत्तर बँकेने तपासलं आणि मान्य केलं, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तात्पुरते जमा केलेले ₹१,६४९ परत माझ्या कार्डवर लावले. बँकेचं बरोबरच होतं. पण आता माझे पैसे खरोखर दोनदा गेले, एकदा कार्डने, एकदा यूपीआयने.

मी कस्टमर केअरला फोन लावला. वैतागलेलो होतो, नीट सांगता आलं नाही. तो मुलगा म्हणाला, "सर, अमाउंट परत डेबिट झालीये ना, मी डिस्प्यूट परत रेझ करून देतो." मी म्हटलं करा. एवढंच बोलणं. १७ फेब्रुवारीला अकाउंट परत लॉक.

म्हणजे दुसऱ्यांदा लॉक व्हायला कारण कोणताही नवीन व्यवहार नव्हता. जुनाच वाद बँकेने पुढच्या पायरीवर नेला होता. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, ते म्हणतात मी काहीच घेतलं नाही तरी लॉक कसं झालं. चार्जबॅक, म्हणजे बँकेने दुकानदाराकडून पैसे परत ओढून घेणं, हे एक अर्ज केला आणि निकाल लागला असं नसतं. बँक मागणी करते, दुकानदार उत्तर देतो, बँकेला पटलं नाही तर ती परत पाठवते, तरीही मिटलं नाही तर कार्ड कंपनी निवाडा करते. प्रत्येक पायरीला काही आठवडे जातात, आणि प्रत्येक पायरीला स्टोअरच्या सिस्टीममध्ये तुमच्या अकाउंटवर नवीन खूण पडते. तुम्ही मधल्या कुठल्यातरी पायरीवर पैसे भरता, खूण जाते, बँक पुढची पायरी चढते, खूण परत येते.

त्यामुळे बँकेला फोन करताना "माझा प्रॉब्लेम सोडवा" असं म्हणू नका, ते स्टेटस इन प्रोसेस सांगून ठेवून देतील. क्रेडिट कार्ड विभागाला मेल करा, लेखी असलं पाहिजे, आणि नेमकं विचारा की तक्रार कोणत्या कारणाखाली नोंदवली आहे, सध्या कोणत्या पायरीवर आहे, आणि जमा केलेली रक्कम अजून तात्पुरती आहे की कायमची झाली. मला या मेलचं उत्तर चौथ्या दिवशी आलं आणि त्या एका उत्तराने सगळं चित्र स्वच्छ झालं.

उत्तर "अजून तात्पुरती, प्रक्रिया चालू" असं आलं तर स्टोअरला काही भरू नका. बँकेला लिहून द्या की तक्रार मागे घेतो. बँक तात्पुरती रक्कम परत घेईल, मूळ पेमेंट जागेवर राहील, स्टोअरचा पैसा स्टोअरकडे. यात तुमचे पैसे एकदाच जातात, जे खरंतर जायलाच हवे होते.

"कायमची झाली, तक्रार तुमच्या बाजूने बंद" असं आलं आणि गेम तुम्हाला खरोखर मिळालेला असेल, तर आता मागे घ्यायला काही उरलेलं नाही. अशा वेळी स्टोअरला रक्कम भरणं हाच रस्ता आहे, पण आधी सपोर्टकडून लेखी घ्या की नेमकी किती, कोणत्या ऑर्डरची, आणि कोणत्या मार्गाने भरायची. जुन्या ब्लॉक झालेल्या कार्डवर परत ट्राय करू नका. परत मूळ खरेदीच्या बटणावर जाऊनही भरू नका, ती नवीन खरेदी धरली जाते आणि जुनी थकबाकी तशीच राहते.

आणि "तक्रार फेटाळली, रक्कम परत लावली" असं आलं तर स्टोअरकडे पैसे पोचलेले आहेत, फक्त त्यांच्या सिस्टीमला ते अजून जुळवता आलेले नाहीत. तिथे एक रुपयाही भरायचा नाही, फक्त पुरावा द्यायचा. मी फेब्रुवारीत फोन करण्याआधी थोडं थांबून हे विचारलं असतं तर दुसरं लॉक झालंच नसतं.

माझ्या बाबतीत फेब्रुवारीत दुसरी तक्रार चालू होती, म्हणून मी ती मागे घेतली. इथे एक मोठी अडचण आली. फोनवर "मागे घेतली" म्हणून सांगितलं, एसएमएस पण आला, पण स्टोअर म्हणालं एसएमएसचा स्क्रीनशॉट चालत नाही. मग शाखेत गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी आधी सांगितलं की कार्डाचं काम शाखेत होत नाही, जे खरंच आहे, पण मी म्हटलं मॅडम, तुम्ही फक्त माझा अर्ज त्यांच्या विभागाला फॉरवर्ड करा आणि मला पोच द्या, आणि त्यांनी ते मनापासून केलं, वर फॉलोअप पण घेतला. अकरा दिवसांनी बँकेच्या लेटरहेडवर पत्र मिळालं.

त्या पत्रात काय असायला हवं ते लिहून ठेवा, कारण मला आलेलं पहिलं पत्र अर्धवट होतं आणि परत मागवावं लागलं. तक्रारीचा क्रमांक, व्यवहाराची तारीख, रक्कम, कार्डाचे फक्त शेवटचे चार आकडे, आणि एआरएन. हा एआरएन २३ आकडी असतो, कार्डाच्या प्रत्येक पूर्ण झालेल्या व्यवहाराला असतो, आणि स्टोअरला तुमच्या कहाणीपेक्षा हा आकडा जास्त उपयोगाचा, कारण यावरून त्यांच्या हिशोबात तो व्यवहार नेमका सापडतो. यूपीआयने केलं असेल तर त्याचा १२ आकडी संदर्भ क्रमांक. शिवाय पत्रात हे वाक्य पाहिजे की ग्राहकाने हा व्यवहार स्वतः केल्याचं मान्य केलं आहे, तक्रार मागे घेतली आहे आणि रक्कम दुकानदाराकडेच राहील. "तक्रार बंद केली" एवढंच लिहिलं तर पुरत नाही, कारण बंद कोणाच्या बाजूने झाली ते त्यातून कळत नाही.

स्टोअरला मेल लिहिताना मी पहिल्या वेळी दोन पानं लिहिली होती, आठ वर्षं, १४३ गेम, मी कधी चीटिंग केलं नाही वगैरे. सगळं खरं, पण समोरच्याला त्यात काम करण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या वेळी सात-आठ ओळी: ऑर्डर नंबर अमुक, या तारखेला माझ्याकडून बँकेत चुकीच्या कारणाखाली तक्रार गेली, व्यवहार मीच केला होता, बँकेचं पत्र सोबत, एआरएन हा, याच ऑर्डरचे पैसे २ जानेवारीला यूपीआयनेही भरले आहेत त्याचा संदर्भ क्रमांक हा, तेव्हा अकाउंट उघडा आणि जादा भरलेली रक्कम परत करा. जुन्याच तिकिटावर पाठवलं. नवीन तिकीट काढलं की नवीन माणसाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, जुन्यावर निदान मागचं दिसतं. १२ मार्चला अकाउंट उघडलं आणि आठवड्याभराने यूपीआयचे ₹१,६४९ परत आले. चूक माझ्याकडून झाली हे सरळ लिहिल्याने काही नुकसान होत नाही, उलट हॅक झालेलं अकाउंट नाही हे त्यांना कळतं. पण एक नक्की सांगतो, "माझं कार्ड चोरीला गेलं होतं" अशी कुठलीही थाप मारू नका, बँकेकडे पण नाही आणि स्टोअरकडे पण नाही. तुमचा आयपी, तुमचा कॉम्प्युटर, खेळलेले तास सगळं त्यांच्याकडे नोंदलेलं असतं.

बंद असलेल्या काळात काय वाचवता येतं? सेव्ह फाइल्स. खूप गेम कॉम्प्युटरवरच्याच फोल्डरमध्ये प्रगती साठवतात, क्लाउडवर फक्त प्रत जाते. स्टारड्यूची विंडोजवरची शेती ॲपडेटा फोल्डरात रोमिंगच्या आत स्टारड्यू व्हॅली आणि त्याच्या आत सेव्ह्ज अशा जागी असते, अकाउंट बंद असलं तरी ती तिथेच असते, मी ती पहिल्याच रात्री पेन ड्राइव्हवर घेतली. काही गेम डॉक्युमेंट्समध्ये माय गेम्स नावाच्या फोल्डरात ठेवतात. लॉक झालेलं असताना घाईत विंडोज फॉरमॅट करू नका किंवा गेम अनइन्स्टॉल करू नका. प्लेस्टेशन ५ वाल्यांना हा मार्ग जवळजवळ बंद आहे, कारण पीएस५ च्या गेमचे सेव्ह यूएसबीवर घेता येत नाहीत, फक्त पीएस४ च्या गेमचे घेता येतात, बाकी क्लाउडवरच. जीओजीसारख्या गेम स्टोअरवर गेमचा इन्स्टॉलर उतरवून स्वतःकडे ठेवता येतो आणि तो चालवायला लॉगिन लागत नाही. मी आता आवडते गेम शक्यतो तिथूनच घेतो आणि इन्स्टॉलर बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवतो.

आता दुसरी केस, कारण ती जास्त घरांत होते. माझ्या सांगलीच्या मामेभावाची. तो अकरावीला, अकाउंट त्याचं, कार्ड मामाचं. मामाने स्टेटमेंट बघितलं, त्यात कुठलंतरी अनोळखी इंग्रजी नाव आणि ₹८९९. बऱ्याच गेम स्टोअरचं नाव स्टेटमेंटवर वेगळंच दिसतं, उदाहरणार्थ स्टीमची खरेदी "डब्ल्यूएल स्टीम पर्चेस" अशी येऊ शकते, घरात ज्याला गेमिंग माहीत नाही त्याला ते फ्रॉडच वाटणार. मामाने घरात न विचारता बँकेला फ्रॉड म्हणून कळवलं. त्याची काळजी बरोबर होती, मामीच्या खात्यातून दोन वर्षांपूर्वी खरंच पैसे गेले होते. पोराचं अकाउंट बंद झालं तेव्हा त्याने भीतीने आठवडाभर कुणाला सांगितलं नाही. मला फोन आला तेव्हा मी मामाला म्हटलं, "मामा, रागावू नका त्याला, गेम तुम्हाला विचारूनच घेतला होता त्याने, दिवाळीत, तुम्हीच हो म्हणाला होतात." मामाला आठवलं. मग दोघांनी मिळून बँकेला मेल केला. इथे फरक एवढाच की पत्रात आणि स्टोअरच्या मेलमध्ये कार्डधारक आणि अकाउंटधारक वेगळे आहेत आणि कार्डधारकाची परवानगी होती हे स्पष्ट लिहावं लागलं, आणि बँकेचा अर्ज मामाच्याच ईमेलवरून जावा लागला. तक्रार अजून पहिल्याच पायरीवर होती म्हणून नवव्या दिवशी सुटलं. माझ्या साडेतीन महिन्यांसमोर नऊ दिवस, फक्त मध्ये कुणी घाईने पैसे भरले नाहीत आणि परत तक्रार केली नाही म्हणून.

कधीकधी तुमची काहीच चूक नसते तरी गेम जातो. बाहेरच्या स्वस्त साइटवरून घेतलेल्या 'की', म्हणजे गेम चालू करायचे कोड, यांच्या बाबतीत हे होतं. कुणीतरी चोरीच्या कार्डाने की विकत घेतो, त्या साइटवर विकतो, तुम्ही घेता, मूळ कार्डवाला तक्रार करतो आणि की रद्द होते. २०१५ च्या जानेवारीत युबिसॉफ्टने फार क्राय ४ सारख्या गेमच्या कीज याच कारणाने रद्द केल्या होत्या, ओरड झाल्यावर ज्यांनी आधीच वापरल्या होत्या त्यांच्या परत चालू केल्या. अशा वेळी स्टोअरशी वाद घालून काही निघत नाही, पैसे मागायचे ते की विकणाऱ्याकडे. आणि हो, तिथे मात्र बँकेची तक्रार हे योग्य हत्यार आहे, कारण त्या विक्रेत्याकडे तुमची लायब्ररी अडकलेली नसते.

पेमेंट अडकलं तर मुळात काय करायचं? भारतातल्या भारतात झालेला व्यवहार असेल, म्हणजे पैसे घेणारा इथलाच, तर रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक कामाला येतं. खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराला पोचल्याची खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत आले पाहिजेत, उशीर झाला तर दिवसाला ₹१०० भरपाई. दुकानदाराला केलेलं यूपीआय पेमेंट असो की कार्डने केलेली ऑनलाइन खरेदी, दोन्हीला हेच. बाहेरच्या देशात गेलेल्या पेमेंटला हा नियम लागू नाही, तिथे होल्ड सुटायची वाट बघायची. वाट बघताना घाई वाटते पण घाईचं कारण नाही, खरी तक्रार करायची झाली तर व्हिसा-मास्टरकार्डच्या बहुतेक प्रकारांत साधारण १२० दिवस हातात असतात. तोवर स्टोअरच्या खरेदीच्या इतिहासात बघा की तिथे एकच ऑर्डर आहे की दोन. एकच असेल तर दुसरा होल्ड आहे, थांबा. दोन असतील तर स्टोअरकडेच रिफंड मागा. स्टीम आणि एपिकवर खरेदीपासून १४ दिवस आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर रिफंड मिळतो, प्लेस्टेशनवर १४ दिवस पण डाउनलोड सुरू केलेलं नसेल तर. स्टोअरने दिलेल्या रिफंडने अकाउंटला काही होत नाही, बँकेने ओढून घेतलेल्या पैशाने होतं.

बँक दाद देत नसेल तर तक्रार नोंदवल्यापासून ३० दिवस मोजा, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यांच्या तक्रारींच्या सीएमएस पोर्टलवर, फुकट, माहितीसाठी १४४४८ नंबर. तिथे जाण्याआधी बँकेला लेखी तक्रार केलेली असायलाच हवी म्हणून मी वर मेलचा इतका आग्रह धरला. स्टोअरच्या बाबतीत २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाली काढायची असते, आणि भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीर विक्री करणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही ते नियम लागू आहेत. त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मला दोन्हीकडे जायची वेळ आली नाही, पण स्टोअरच्या दुसऱ्या मेलमध्ये तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता सीसीला ठेवला होता.

खरंच कुणी तिसऱ्यानेच तुमच्या कार्डावर गेम घेतले असतील तर वरचं थांबा-बिंबा विसरा, लगेच कार्ड ब्लॉक, बँक आणि १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन), आणि त्याच दिवशी स्टोअरलाही कळवा की अकाउंट दुसऱ्याच्या हातात गेलंय, म्हणजे नंतर चार्जबॅक आला तर त्यांच्याकडे तुमची आधीची तक्रार नोंदलेली असेल.

कुणी म्हणेल विकत घेतलेले गेम बंद करतातच कसे. अटी वाचल्या तर आपण घेतो तो परवाना असतो, आणि हे स्टीमने २०२४ च्या ऑक्टोबरपासून खरेदीच्या पानावरच लिहायला सुरुवात केली, कॅलिफोर्नियाचा तसा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू होणार होता त्याच्या तोंडावर. मला स्वतःला हे अजिबात पटत नाही, ₹१,६४९ च्या वादासाठी त्या एका गेमवर टाच आणा, बाकीच्या १४२ चे पैसे कधीच चुकते झालेत. सपोर्टला मी हे लिहिलंही. पण अकाउंट उघडलं ते या वाक्याने नाही, एआरएनने उघडलं.

कुणाचं आत्ता अडकलेलं असेल तर मला विचारताना एवढं सांगा: कार्ड की यूपीआय, बँकेत कोणतं कारण निवडलं, स्टोअरच्या इतिहासात किती ऑर्डर दिसतात, आणि तात्पुरते आलेले पैसे अजून खात्यावर आहेत का. ऑर्डर नंबर, कार्ड नंबर, एआरएन मला पाठवू नका, ते फक्त बँकेला आणि स्टोअरला द्या.